दुसरी डिस्क चालू आहे तोवर

सर्व्हरमधली एखादी हार्ड डिस्क उडाली आणि तरीही कार्यालयातले काम बिनबोभाट चालू राहिले, तर यंत्रणेने आपले काम चोख केले असे समजावे. पतसंस्थेची खाती, साखर कारखान्यातल्या उसाच्या नोंदी, रुग्णालयातले एक्स-रे, एखाद्या साप्ताहिकाचे जुने अंक हे सारे हल्ली कुठल्यातरी केबिनच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीत असते. त्या पेटीत निदान दोन डिस्कवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक गेली की दुसरी सगळा भार उचलते. खातेदाराचे पासबुक छापून मिळते, रुग्णाचा रिपोर्ट पडद्यावर दिसतो, आणि आत काय घडले याचा कोणालाच पत्ता लागत नाही. अशा न कळलेल्या बिघाडावर आठवडेच्या आठवडे काम चालू राहते. मग कधीतरी दुसरी डिस्कही जाते.

एक डिस्क गेल्यापासून तिच्या जागी आलेली नवी डिस्क पूर्ण भरेपर्यंत जो काळ जातो, त्या काळाबद्दलचे हे पुस्तक आहे. डिस्क कशी बनते, किती प्रकारच्या असतात, कोणती घ्यावी यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बिघडलेली काढून नवी बसवायची वेळ आली की नेमके काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे मराठीत सलग सांगणारे मला काही सापडले नाही. म्हणून हा खटाटोप.

या व्यवस्थेचे मूळ समजले तर तिची मर्यादाही समजते. आयबीएमने १९५६मध्ये रॅमॅक नावाचे यंत्र आणले. त्यातल्या डिस्क साठवणीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत होती ५० लाख अक्षरे. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्का अशाच अवजड आणि महाग राहिल्या. मग घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासाठी हाताच्या पंजात मावतील अशा स्वस्त डिस्का बनू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचार केला, की एका अजस्र डिस्कऐवजी अशा लहान डिस्कांचा ताफा वापरला तर? त्यांचा निबंध १९८८मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला गेला आणि ‘रेड’ हे नाव तिथून जगभर गेले. तोच मजकूर दोन डिस्कवर ठेवण्याची युक्ती त्यांनी शोधलेली नव्हती. टँडेम कंपनीची यंत्रे १९७०च्या दशकातच ती वापरत होती, आणि बिघडलेल्या साठवणीतला मजकूर उरलेल्या भागांवरून पुन्हा उभा करण्याच्या पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८मध्ये मिळाले होते. बर्कलेच्या तिघांनी या विखुरलेल्या युक्त्या एका ओळीत मांडल्या आणि त्यांना हिशेबाचा पाया दिला. मला तो हिशेब फार मोलाचा वाटतो. तो इथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण या पुस्तकाचे सगळे म्हणणे त्यात आहे.

त्यांनी धरलेल्या लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास होते, म्हणजे साधारण साडेतीन वर्षे. अशा १०० डिस्का एकत्र लावल्या तर त्यांतली कुठलीतरी एक सरासरी ३०० तासांत बिघडणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेही नाहीत. असा ताफा कोण वापरील? म्हणून त्यांनी प्रत्येक डिस्कला जोडीदार दिला. आता मजकूर जायचा तर एक डिस्क बिघडली पाहिजे आणि ती बदलून होण्याच्या आत नेमकी तिची जोडीदारही बिघडली पाहिजे. हे गणित मांडल्यावर १०० डिस्कांच्या मजकुराला १०० जोडीदार दिलेल्या ताफ्याचे सरासरी आयुष्य निघाले ४५ लाख तास, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे. दोन आठवड्यांवरून पाचशे वर्षांवर! निबंध वाचणाऱ्यांचे डोळे या आकड्याने दिपले असतील तर नवल नाही.

पण या गणितात एक संख्या गृहीत धरलेली आहे. बिघडलेली डिस्क बदलून नवी पूर्ववत व्हायला लागणारा वेळ तिथे एक तास धरला आहे. त्या काळच्या शंभर मेगाबाइटच्या डिस्कला, हाताशी सुटी डिस्क तयार असेल तर, हे अशक्य नव्हते. आता आपल्याकडचे चित्र पाहा. डिस्क गेल्याचे दोन-तीन दिवस कोणाला कळत नाही. कळल्यावर कोटेशन, मंजुरी, खरेदी यांत आठवडा जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर डिस्क त्याच दिवशी मिळेल, तालुक्याच्या गावी ती कुरिअरने यायची वाट पाहावी लागते. बसवल्यावर ती भरायला आणखी एक दिवस. समजा, सगळे मिळून दहा दिवस झाले. दहा दिवस म्हणजे २४० तास. दुरुस्तीचा काळ जितक्या पटींनी वाढतो तितक्याच पटींनी त्या सूत्रातले आयुष्य कमी होते. पाचशे तेरा वर्षे भागिले २४०, उत्तर येते दोन वर्षांपेक्षा थोडे जास्त. डिस्का त्याच, जोडीदार तेवढेच, फक्त बदलायला उशीर झाला. ज्यांच्याकडे शंभर डिस्का नाहीत, दोनच आहेत, त्यांचा आकडा अर्थातच मोठा येईल, पण दोनशेचाळीस पटींची घट त्यांनाही चुकत नाही.

डिस्कचे आयुष्य बनवणाऱ्याच्या हातात असते. दुरुस्तीचा काळ आपल्या हातात असतो. म्हणून कपाटात एक सुटी डिस्क आधीच आणून ठेवावी, तिच्यावर खरेदीची तारीख लिहावी आणि ती दुसऱ्या कामाला वापरली जाऊ नये याची तजवीज करावी, हा सल्ला या पुस्तकात वारंवार येतो. वाचकाला कंटाळा आला तरी चालेल. या एका सल्ल्याने जितका मजकूर वाचेल तितका डिस्कांची जोडी सांभाळणाऱ्या महागड्या कंट्रोलरने वाचणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्या गणितात दुसरेही एक गृहीत आहे, आणि ते अधिक कच्चे निघाले. प्रत्येक डिस्कचे बिघडणे स्वतंत्र आहे, एकीचा दुसरीशी संबंध नाही, असे तिथे धरले होते. गंमत म्हणजे या गृहीतावर प्रश्नचिन्ह लावणाऱ्या २००७च्या अभ्यासात पुन्हा गार्थ गिब्सनच होते. बियांका श्रोडर यांच्यासोबत त्यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या बदलांच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणे सर्रास होते आणि काही ठिकाणी तो आकडा १३ टक्क्यांपर्यंत गेला होता. शिवाय बिघाड एकमेकांच्या मागोमाग येताना दिसले. एकाच खोलीतली उष्णता, एकाच पॉवर सप्लायचे झटके, एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेल्या डिस्का: त्या एकत्र म्हाताऱ्या होतात.

याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१९मध्ये समोर आले. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल, म्हणजे चिपवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्कांबद्दल, सूचना काढली, की आतल्या फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या एकूण ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील आणि त्यांच्यावरचा मजकूरही परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ज्याने जोडीतल्या दोन्ही एसएसडी एकाच सकाळी बसवून एकाच वेळी सुरू केल्या होत्या, त्याच्या दोन्ही एकाच सुमारास जाणार होत्या. फर्मवेअर वेळेत बदलणे हा त्यावर उपाय होता आणि ज्यांनी सूचना वाचली त्यांचे निभावले. जोडीतल्या डिस्का वेगवेगळ्या महिन्यांत, शक्य तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, असे जुनी जाणती माणसे का सांगतात ते यावरून ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जोडीतली एक डिस्क गेलेल्या स्थितीला या क्षेत्रात ‘डिग्रेडेड’ म्हणतात. स्टेपनी लावून गाडी चालवण्यासारखी ती स्थिती आहे: गाडी पळते आहे, पण आता पंक्चर झाले तर डिकीत काही नाही. लिनक्सवर ही स्थिती एका छोट्या नोंदीत दिसते. दोन्ही डिस्का ठीक असतील तर चौकटी कंसात दोन ‘यू’ असतात, एक गेली की एका ‘यू’च्या जागी नुसती खालची रेघ येते. एवढ्याशा रेघेवर कोणाची नजर पडणार? हार्डवेअर कंट्रोलर असेल तर तो शिट्टी वाजवत राहतो, पण त्या आवाजाने काम सुचत नाही म्हणून तो बंद करून टाकण्याचा रिवाज मी अनेक कार्यालयांत पाहिला आहे. पहिले दुखणे इथेच आहे. सूचना जाते, पण ती वाचून कामाला लागणारा माणूस नेमलेला नसतो. सूचनेचा ईमेल दोघांना तरी जावा आणि महिन्यातून एकदा मुद्दाम चाचणीचा ईमेल पाठवून तो पोचतो का हे पाहावे.

दुसरे दुखणे याहून गंभीर आहे: बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क उपसली जाणे. हे फक्त नवशिक्याकडून होते असा समज आहे. बर्कलेमध्येच ॲरन ब्राउन आणि पॅटरसन यांनी २००१च्या सुमारास यावर एक प्रयोग केला. मोजक्या माणसांना सॉफ्टवेअर रेड असलेल्या यंत्रांतली बिघडलेली डिस्क बदलण्याचे काम पुनःपुन्हा करायला दिले. त्यांना आधी शिकवलेले होते. तरीही चुका होत राहिल्या, सरावानंतरही पूर्ण थांबल्या नाहीत, आणि त्यांतल्या काही मजकूर कायमचा घालवणाऱ्या होत्या. शांत प्रयोगशाळेत ही गत, तर बाहेर खातेदारांची रांग उभी असताना काय होत असेल याचा अंदाज करावा.

चूक का होते, ते नीट पाहिले पाहिजे. लिनक्स डिस्कांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते, पण ही नावे कायमची नसतात. यंत्र बंद करून सुरू केले, एखादी केबल हलवली, की काल जी ‘बी’ होती ती आज ‘ए’ होऊ शकते. पडद्यावर ‘बी’ बिघडली असे वाचून माणूस पेटीतला डावीकडून दुसरा ट्रे ओढतो, आणि त्या दोघांचा काही संबंध नसतो. डिस्कची खरी ओळख म्हणजे तिचा सिरियल नंबर. तो सॉफ्टवेअरला वाचता येतो आणि डिस्कच्या लेबलवरही छापलेला असतो. डिस्क बसवतानाच सिरियल नंबरचे शेवटचे चार-पाच आकडे ट्रेच्या तोंडावर चिकटवले, तर तीन वर्षांनी येणाऱ्या माणसावर आपले मोठे उपकार होतात. चिठ्ठी नसेल आणि ट्रेवर ओळखीचा दिवा लावायची सोयही नसेल, तर चालू डिस्कवरून एखादी मोठी फाईल वाचायला लावावी. जिचा दिवा लुकलुकतो ती जिवंत. तिला हात लावायचा नाही. तरीही शंका राहिली तर यंत्र रीतसर बंद करावे, डिस्का बाहेर काढून लेबले वाचावीत आणि मगच पुढे जावे. अर्धा तास काम थांबल्याबद्दल साहेब बोलतील, त्यांना बोलू द्यावे.

आणि समजा, चुकीची डिस्क निघालीच, तर? मजकूर त्या क्षणी गेलेला नसतो. तो हातातल्या डिस्कवर बहुधा जसाच्या तसा असतो. तो जातो त्यानंतरच्या दहा मिनिटांत, घाबरलेल्या हातांनी. कंट्रोलर विचारतो, ‘इनिशियलाइज करू?’ माणूस ‘हो’ म्हणतो. किंवा रेड दुरुस्त करण्याऐवजी नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली जाते आणि रिकामी डिस्क मूळ धरून भरलेल्या डिस्कवर तिची नक्कल सुरू होते. नक्कल कुठून कुठे चालली आहे, हा प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारल्याशिवाय एंटर दाबू नये. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे आणि ते लांब ठेवल्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

नवी डिस्क बसल्यावर जुनीवरचा सगळा मजकूर तिच्यावर उतरवला जातो. यालाच रिबिल्ड म्हणतात. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट या वेगाने भरली तरी बावीस तास लागतात. कार्यालयाचे काम चालू असेल तर त्याहून किती तरी जास्त. या सगळ्या वेळात उरलेली एकटी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, आणि वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फाइलींच्या जागी लपलेला दोष नेमका तेव्हा उघडा पडतो. साध्या डिस्कांची माहितीपत्रके साधारण १२.५ टेराबाइट वाचनामागे न वाचता येणारा एखादा सेक्टर निघू शकतो असे सांगतात. ही त्यांनी दिलेली कमाल मर्यादा आहे, बऱ्याच डिस्का तिच्यापेक्षा चांगल्या वागतात, पण त्या चांगुलपणावर भिस्त ठेवून चालणार नाही. म्हणून दोन्ही डिस्का ठणठणीत असतानाच दर महिन्याला त्या पूर्ण वाचून घ्याव्यात. डेबियन लिनक्स महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर हे आपोआप करते, मात्र त्या रात्री सर्व्हर चालू हवा. शनिवारी संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून जाणाऱ्या कार्यालयांत ही तपासणी कधी होतच नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती पाहत जावी, पण तिच्यावर विसंबू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन-चूक दिसल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क बिघडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान वगळता, कुठल्याही खुणेने आधी कळवलेले नव्हते. सूचना मिळाली तर लगेच हला, न मिळाली तर निर्धास्त होऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

बदलायची डिस्क निवडताना होणाऱ्या चुकांवर एक प्रकरण आहे. त्यातल्या दोनच इथे सांगतो. डेस्कटॉपसाठीची स्वस्त डिस्क न वाचता येणाऱ्या सेक्टरशी मिनिट-दोन मिनिटे झटत बसते. लिनक्स एरवी तीस सेकंदच थांबते, मग तिला मेलेली समजून पुढे जाते, आणि चांगली डिस्क जोडीतून हकनाक बाहेर फेकली जाते. रेडसाठीच्या डिस्का साधारण सात सेकंदांत हार मानून तसे कळवतात आणि तो मजकूर जोडीदाराकडून घेतला जातो. दुसरी चूक क्षमतेची. दोन कंपन्यांच्या ‘चार टेराबाइट’मध्ये काही सेक्टरांचा फरक असू शकतो आणि नवी डिस्क किंचितही लहान भरली तर ती नाकारली जाते. सुरुवातीलाच पार्टिशन थोडे आखूड ठेवले तर हा प्रश्न येत नाही. नव्या डिस्कवर बूटलोडर टाकायला विसरणे ही गोष्टही इथेच नोंदवून ठेवतो. तो नसेल तर पुढच्या वेळी जुनी डिस्क गेल्यावर मजकूर शाबूत असूनही यंत्र सुरू होत नाही.

झेडएफएससारख्या व्यवस्था यांतली बरीच काळजी स्वतः वाहतात. त्या वापरात असलेलाच भाग नव्या डिस्कवर उतरवतात आणि वाचलेला प्रत्येक ठोकळा बरोबर आहे का हे ताडून पाहतात. त्या मला आवडतात. पण आपल्याकडची बहुतेक यंत्रे अजून जुन्या पद्धतीचीच असल्याने पुस्तकाचा भर तिथे आहे.

बॅकअपबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. जोडीतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप, असे मानणारे चांगले शिकलेले लोक मला भेटतात. पुसलेली फाईल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअरने कुलूप लावले तर दोन्हींना लागते. जोडी काम थांबू देत नाही, तिचे काम तेवढेच. एक डिस्क गेल्यावर ताजा बॅकअप नसेल, तर आधी अत्यावश्यक मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा, नवी डिस्क नंतर लावावी, या मताचा मी आहे. याविरुद्ध मत असणारे अनुभवी लोक आहेत. त्यांच्या मते उशीर हाच धोका. पण बावीस तासांच्या रिबिल्डमध्ये एकटी डिस्क दगावली तर हातात काहीतरी असावे, म्हणून मी माझ्या क्रमावर ठाम आहे.

हे पुस्तक मराठीत का, याचे कारण हे काम करणारी माणसे आहेत. मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये ते प्रशिक्षित लोक करतात. तालुक्याच्या पतसंस्थेत, ग्रंथालयात, दवाखान्यात ते एखाद्या कारकुनाच्या किंवा आठवड्यातून एकदा येणाऱ्या तरुणाच्या गळ्यात पडते. आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात, त्याला इलाज नाही. पण कोणत्या क्रमाने काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे घाईच्या वेळी माणसाला स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान असे दिले आहे, की ते फाडून सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवता यावे. पुस्तक फाडल्याबद्दल मी रागावणार नाही. जुन्या संगणकात दोन निरुपयोगी डिस्का लावून, एक मुद्दाम उपसून, हे सगळे निवांतपणे एकदा करून पाहावे अशीही माझी विनंती आहे.

आता हे पान मिटा आणि आधी आपल्या सर्व्हरची स्थिती पाहून या. जोडीतली एक डिस्क गेलेली दिसली, तर सरळ सहाव्या प्रकरणापासून वाचायला घ्या. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.